सोलापुरात सेवेला कोण येतं, कोण येत नाही आणि का?

कंबरतलाव:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आहे म्हणून धागा काढतोय, जरा लांबेल. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी आमचा छोटा ग्रुप रोडवर पाणी, चहा आणि पायाला मलमपट्टी असं काम करतो. यंदा सगळ्यांची नावं नीट एक्सेलमध्ये भरली, वय, राहायला कुठं, काम काय असं सगळं, आणि यादी बघून विचारात पडलो. जवळपास सगळे पुरुष. एक तर कॉलेजची पोरं नाहीतर रिटायर्ड मंडळी. राहायला जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड. पूर्व भागातलं, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या माग-बिडी कामगारांच्या वस्तीतलं, कोणीच नाही, बायका अगदी बोटावर मोजण्याएवढ्या, आणि तिशी-चाळिशीतला कामगार माणूस तर शोधून सापडत नाही. मीटिंगमध्ये एकजण सरळ म्हणाला की त्या लोकांना समाजाचं काही पडलेलंच नाही. मला ते अजिबात पटलं नाही. कारण ज्या रात्री आम्ही तिथं चहा वाटतो त्याच रात्री त्याच रोडवर चालणाऱ्यांत पूर्व भागातले हजारो असतात, आणि माणूस पडला तर त्याला खांद्याचा आधार देऊन पुढच्या मांडवापर्यंत आणणारेपण तेच असतात, त्यांची नोंद कुठल्या यादीत होते?
तर प्रश्न असा की वेगवेगळ्या गटांतले लोक सेवेचं काम करतात ते कसं करतात, आणि आपल्याकडं येत नसतील तर काय अडतं. ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी लिहा, भाषणं नकोत.

निवृत्त_गणितमास्तर:
चांगला विषय. थोडे आकडे देतो. केंद्र सरकारने २०१९ साली वेळ कसा वापरला जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं होतं, सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा चोवीस तासांचा हिशेब. त्यात विनामोबदला स्वयंसेवा आणि त्यासारखी कामं करणारे शंभरात अडीचसुद्धा निघाले नाहीत. त्याच सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७, आणि घरकाम करणारे पुरुषच मुळात शंभरात २६. म्हणजे पाच तास रोज घरात गेल्यावर बाईकडं उरतं काय ते तुमच्या एक्सेलमध्ये दिसणारच.
दुसरं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पुढाकाराने २०१३ ला जी व्याख्या ठरली ती बघा. सक्ती नसताना, पैसे न घेता, आपल्या घराबाहेरच्या माणसासाठी केलेलं काम, चार आठवड्यांत एक तास केलं तरी चालतं, संस्थेतून केलं काय किंवा सरळ शेजाऱ्याला केलं काय, दोन्ही धरायचं. ह्या मापाने गल्लीत गेलात तर चित्र उलटं दिसेल असा माझा अंदाज आहे.

पूर्वभागातली:
अंदाज नाही सर, तसंच आहे. मी दत्तनगरकडची, आई बिड्या वळते, मी गारमेंटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवायला जाते. आईचा दिवस सांगते म्हणजे कळेल. पहाटे उठून पान भिजवायचं, मग पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं, आणि हजार झाल्या की पाटी घेऊन कारखान्यात द्यायला जायचं. तिथं माल बघतात, पसंत नाही पडला तर छाट काढतात, छाटेतल्या बिड्यांचे पैसे मिळत नाहीत. मधे स्वयंपाक, मधे नळ. नळ म्हणजे आपल्या सोलापुरात चार-पाच दिवसांआड, आणि ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी घरातली एक बाई घरातच पाहिजे, मग मीटिंग असो नाहीतर लग्न असो.
आता ह्यातच गल्लीत कोणाचं बाळंतपण झालं किंवा कोणी तापानं झोपलं तर बाकीच्या बाया तिच्या वाटणीच्या बिड्या वळून देतात, तिच्या नावावर माल जातो, तिची हजेरी मोडत नाही. एकजण कापून देते, दुसरी वळते, तिसरी नेऊन देते, कोणी शब्द काढत नाही की कोणी हिशेब ठेवत नाही. हे माझ्या लहानपणापासून बघते मी. तुमच्या ग्रुपचा मेसेज मला पण आला होता दादा, मराठीत होता, खाली इंग्रजी फॉर्म, त्यात ई-मेल टाकल्याशिवाय पुढं जात नव्हता. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आईला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. तिला विचारलंच कोणी नाही तर ती येणार कशी?

सातरस्ता_कट्टा:
ताई तुमच्याबद्दल आदर आहे पण एक शंका सरळ विचारतो. शेजारणीला मदत करणं हे चांगलंच आहे, पण ती उद्या आपल्याला करणार म्हणून आपण आज करतो ना? ओळख ना पाळख अशा माणसासाठी उभं राहणं वेगळं. सगळ्यालाच सेवा म्हणायला लागलो तर मग फरकच राहत नाही, आणि जो रात्रभर अनोळखी लोकांचे पाय धुतो त्याच्यावर अन्याय होतो असं मला वाटतं.

बाळीवेस:
सातरस्ता, फरक आहे पण तू म्हणतोस तिथं नाही. आमच्या लिंगायतांत कायक आणि दासोह दोन्ही बरोबरीनं शिकवतात, कष्ट करायचे आणि त्यातलं वाटायचं. वाटताना समोरचा ओळखीचा की अनोळखी हे बघायचं नसतं. पण खरं सांगू का, माणूस येतो तो जिथं त्याचा मान आहे तिथं येतो. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचंच घ्या. मिरवणुकीत खांद्यावर पेलायच्या सातही नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं वाटलेले आहेत, मातंग समाजसुद्धा त्यात आहे. एवढा उंच ध्वज तोलून पेलायचा म्हणजे आधीपासून सराव लागतो, दिवसभर काम करून पोरं सरावाला येतात, बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा पांढरा अंगरखा, घालून अडुसष्ट लिंगांची वाट चालतात, आणि कोणाला फोन करून बोलवावं लागत नाही. का? कारण ते काम त्यांचं आहे, दुसऱ्याच्या कामाला हात लावायला ते आलेले नाहीत.
व्यापारी लोकांचं पण लिहितो. आमच्यातले खूपजण वेळ देत नाहीत, तांदळाचं पोतं देतात, तेलाचा डबा देतात. दुकान सोडता येत नाही हे खरंच आहे. पण पोतं दिलं की पावती फाटते, नाव फळ्यावर येतं, आणि ते शिजवायला रात्री दोनला उठणाऱ्या बायकांचं नाव कुठंच येत नाही. हे मला आता बोचायला लागलंय.

रक्तगट_बी:
मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. दर शिबिरानंतर आयोजक भाषणात म्हणतात महिलांचा प्रतिसाद कमी. लोकहो, प्रतिसाद कमी नसतो, आम्ही परत पाठवतो त्यांना. रक्त द्यायला वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत निम्म्याहून जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास, रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यात बाळ अंगावर पीत असेल तर नाही, पाळी चालू असेल तर नाही. पुरुष तीन महिन्यांनी परत देऊ शकतो, बाईला चार महिने थांबावं लागतं. रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या बोटाला टोचून आम्ही सांगतो ताई तुमचं नऊ आहे, तुम्हालाच रक्ताची गरज आहे, आणि ती ओशाळून निघून जाते. तिची नोंद कुठल्या वहीत होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिबिराच्या अहवालात किती आले आणि किती परत गेले हे दोन्ही लिहावं.
अजून एक. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे तृतीयपंथी व्यक्तींचं रक्त घेता येत नाही, त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे. आमच्याकडं जयंतीच्या शिबिरात आलेल्यांना नाही म्हणताना मला फार जड जातं.

कंबरतलाव:
हे मला नवीन होतं. परत गेलेल्यांची नोंद, हे लिहून ठेवतो.

मिलिंदनगर:
मी दोन गोष्टी बोलणार, राग मानू नका. पहिली, आमच्याकडं सेवा म्हणजे कोणावर दया करणं असं कधी नव्हतं. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, सभा स्थापन होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. आपल्या पोरांनी शिकावं म्हणून आपल्यातल्यांनी केलेलं काम. आजपण वस्तीत अभ्यासिका चालते ती अशीच चालते, नोकरीला लागलेली पोरं येऊन लहान पोरांचं गणित घेतात, लाइटचं बिल वर्गणीतून भरतात. १४ एप्रिलला जे दिसतं ते एक दिवसाचं, बाकीचं वर्षभर चालतं. सातरस्ता भाऊ, तुम्ही म्हणता आपल्यांसाठी केलं तर सेवा नाही. आमच्यासाठी दुसरं कोण करणार होतं तेव्हा?
दुसरी. स्वच्छता मोहीम असली की आमच्या वस्तीत निरोप येतो, या म्हणून. ज्यांच्या हातात पिढ्यानपिढ्या झाडू दिला गेला त्यांना रविवारी झाडू घेऊन फोटोला उभं राहा म्हणणं बरोबर नाही. आम्हाला हिशेबाला बोलवा, औषधाच्या टेबलाला बोलवा, माइकवर सूचना द्यायला बोलवा. माझी बहीण नर्सिंग झालेली आहे, तिला एका ठिकाणी पत्रावळ्या उचलायला लावलं होतं, तिनं परत पाऊल टाकलं नाही.

सातरस्ता_कट्टा:
मिलिंदनगर, तुमचा पहिला मुद्दा पटला. वसतिगृहाचं उदाहरण दिल्यावर माझ्याकडं उत्तर नाही. तरी अनोळखी माणसासाठी काही करण्याची सवय आपल्या शहरात वाढायला पाहिजे हे माझं म्हणणं कायम आहे, सगळेच आपापल्या पेठेत करत बसलो तर पेठेबाहेरच्याचं कसं व्हायचं.

विजापूर_वेस:
सातरस्ता भाई, पेठेबाहेर यायला दार पण उघडं पाहिजे ना. आमच्याकडं मय्यत झाली की पोरं आपोआप गोळा होतात, गुस्लचं, म्हणजे मय्यतीच्या आंघोळीचं बघायचं, कबर खोदायची, खांदा द्यायचा, मेलेला गरीब असो की परगावचा बेवारस. कोणी फॉर्म भरत नाही. रमजानमध्ये इफ्तारीचं सामान बांधायला घराघरातल्या बायका बसतात, जकात तर शिलकीच्या अडीच टक्के ठरलेलीच आहे, ती वेगळी. कोरोनात लोक आपल्याच माणसाच्या जवळ जायला घाबरत होते तेव्हा आमच्या ओळखीतल्या पोरांनी किट घालून दफन केली, आणि कोणी विचारलं तर स्मशानात पण गेले.
पण तुमच्या मांडवात यायचं म्हटलं की पोरगा आधी विचार करतो. नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होईल ते बघतो. कधी काही होत नाही, कधी होतं. तो धोका घेऊन फुकटचं काम करायला कोण येईल? ज्याला बोलवायचंय त्याच्याकडं एकदा माणूस पाठवा, घरी बसून चहा प्या, मग तो दहाजण घेऊन येईल. व्हॉट्सॲपवर सर्वांना सस्नेह निमंत्रण टाकून नाही होत ते.

निवृत्त_गणितमास्तर:
विजापूर वेस, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक संस्थेनं वाचावं. स्वातंत्र्यलढ्यात सोलापूरच्या ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चार वेगळ्या घरांतले, वेगळ्या समाजांतले. आपण पुतळ्याला हार घालतो पण आपल्या एका मांडवात चार समाजांची माणसं नसतात, याचं मला वाईट वाटतं.
आणि विचारणा झाली तर माणूस कुठवर जातो याचं उदाहरण आपल्याच गावचं आहे. चीनमधून मदत मागितली गेली म्हणून काँग्रेसनं १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात आपले द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे परतले, हे राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच गेले, वय बत्तीस. सातरस्ता म्हणतात ती अनोळखी माणसाची सेवा ह्याहून मोठी कुठली. पण तिथंसुद्धा आधी कोणीतरी विचारलं होतं.

सीनाकाठ:
मोहोळकडचा शेतकरी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हाचं सांगतो. शहरातून मदत आली, मनापासून आली, नाकारत नाही. पण कपड्यांचे ढीग आले ते ओल्यात पडून राहिले, आणि जनावरांना चारा नव्हता तो आणला दुसऱ्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी, ट्रॅक्टर-ट्रॉली भरून, कडबा नि ऊस, स्वतःच्या डिझेलवर. त्यांना काय पाहिजे ते सांगावं लागलं नाही कारण त्यांच्या पण गोठ्यात म्हशी आहेत. त्यांनी ट्रॉलीला बॅनर लावला नव्हता म्हणून पेपरात आलं नाही एवढंच.
आणि श्रमदानाचं पण बोलतो. पाणी अडवायच्या कामात मी स्वतः होतो, वॉटर कप स्पर्धेचे ते पंचेचाळीस दिवस गावाला एकत्र आणणारे होते, त्यावर शंका नाही. पण आमच्यातला एक भूमिहीन माणूस मला म्हणाला, मालक, चर खोदायला मी येतो, पाणी तुमच्या विहिरीला वाढणार, माझा रोज मात्र बुडणार. मला बोलता आलं नाही. तो आला तरी, पण त्यानं दिलेले चार तास आणि मी दिलेले चार तास सारखे नव्हते. रोजंदारीवाल्याचा वेळ म्हणजे त्याच्या घरची संध्याकाळची भाकरी. नोकरदाराची सुट्टी भरपगारी असते, यंत्रमागावरच्या बारा तासांच्या पाळीत सुट्टी घेतली की तेवढे पैसे कापले, हे यादी करताना धरा.

आशा_उत्तरतालुका:
सगळं वाचलं, माझं पण लिहिते, झोप येत नाही. मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. आम्हाला २००५ पासून योजनेत घेतलं ते सरकारी नोकर म्हणून नाही, मानद स्वयंसेविका म्हणून. त्यामुळं पगार नाही, कामावर आधारित मोबदला आणि मानधन, ते पण कधी वेळेवर कधी थकलेलं. काम मात्र रात्री-अपरात्री. हजार लोकवस्तीमागं एक आशा, बाळंतीण असेल तर रात्री दोनला पण जायचं, कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन आम्हीच फिरलो. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरच्या आशांचा गौरव केला, आनंद झाला, डोळ्यात पाणी आलं. पण त्या महिन्यात किराणा उधारीवरच भरला. मला माझ्या कामाचं प्रेम आहे, गावातली पोरं मला मावशी म्हणून हाक मारतात. तरी बाईचं काम असलं की सेवा म्हणायचं आणि पुरुषाचं असलं की पगाराची जागा काढायची, असं करू नका एवढंच म्हणणं आहे. ज्या कामाचे पैसे द्यायला पाहिजेत तिथं पैसेच द्या.

बाळीवेस:
अक्का, तुमच्या शेवटच्या ओळीला शंभर टक्के.

एनएसएस_वाला:
मी सेकंड इयरला आहे, विद्यार्थ्यांचं पण कोणीतरी बोला. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं कॅम्प, बरेचजण सर्टिफिकेटसाठी येतात हे मान्य. पण कॅम्पला गावात गेल्यावर माझ्या बरोबरचा एक पोरगा, जो फक्त मार्कांसाठी आला होता, तो आता दर शनिवारी त्या गावच्या शाळेत जातो. उलट सांगोल्याकडून, मंगळवेढ्याकडून एसटीनं रोज ये-जा करणाऱ्यांना शेवटची गाडी पकडायची असते म्हणून ते संध्याकाळच्या कामाला थांबू शकत नाहीत, आणि मग त्यांचे तास कमी भरतात. कामाची वेळ सकाळी ठेवली तर तीच पोरं सगळ्यात आधी हजर असतात, आमच्या युनिटला बघितलंय.

कंबरतलाव:
सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं दोनदा वाचलं. काही गोष्टी ठरवून टाकतो, चुकत असेल तर सांगा. फॉर्म बंद, नाव नि फोन तोंडी घ्यायचे. कामं आधी सांगायची आणि ज्याला जे येतं ते त्याला द्यायचं, औषधाच्या टेबलाला नर्सिंग झालेल्या मुली, त्यांच्या हाताखाली आम्ही. बारा तासांची ड्यूटी न ठेवता दोन-दोन तासांच्या पाळ्या, म्हणजे मागावरून सुटलेला माणूस पण येऊन जाईल. रोजंदारीवर जाणाऱ्यांना बोलवायचं असेल तर त्यांचा त्या दिवसाचा रोज वर्गणीतून द्यायचा का, ह्यावर आमच्यात मतभेद होणार, मी द्यावा ह्या बाजूचा आहे. आणि विजापूर वेस भाई, ह्या रविवारी येऊ का तुमच्याकडं?

विजापूर_वेस:
या की. असरच्या नमाजानंतर या, पोरं पण असतील.

सीनाकाठ:
रोज द्या पण बंद पाकिटात आणि सगळ्यांदेखत नको. आणि जो घेणार नाही म्हणतो त्याला आग्रह नको.

आशा_उत्तरतालुका:
रोज देणारच असाल तर स्वयंपाकाच्या बायकांना पण द्या, त्यांना वगळू नका.

पूर्वभागातली:
दादा, तेलुगूतलं मी बघते, पण लिहून नको, माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देते, बाया वळता वळता फोनवर ऐकतील. आमच्याकडच्या बायकांना औषधाचं टेबल सोडून स्वयंपाकाला नका धरू, त्या घरी तेच करतात, मलमपट्टी शिकवली तर आवडेल त्यांना. वेळ संध्याकाळी माल देऊन आल्यावरची ठेवा, आणि त्या दिवशी आमच्या भागात नळ आहे का ते आधी मला विचारा. सगळ्यात मोठी अडचण परत यायची आहे, रात्री अकराला तुळजापूर रोडवरून बायका दत्तनगरपर्यंत येणार कशा? घरचे तेवढ्यावरच अडवतात. रिक्षाचं काय ठरतंय ते सांगा, मग मी गल्लीत विचारते.

बाळीवेस:
आमच्या दुकानाचा टेम्पो आहे, ड्रायव्हर घरचाच. दोन फेऱ्या मारून देईल, बायकांबरोबर माझी बायको असेल. नंबर कंबरतलावला मेसेज करतो.